करणाऱ्याच्या देहाचे मोजमाप

आयुर्वेदाच्या ग्रंथांनी चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, रोगी आणि रोग्याजवळ राहून त्याचे सारे पाहणारा चौथा माणूस. चरकाने त्याला उपस्थाता म्हटले, सुश्रुताने परिचर. चरकाच्या अपेक्षा कसबाच्या आणि मनाच्या आहेत: शुश्रूषेची जाण, तत्परता, रोग्याविषयी ममता, स्वच्छता. सुश्रुताने यापुढे जाऊन शरीराचीही अट घातली. परिचर बलवान हवा, किळस न करणारा हवा आणि अश्रान्त, म्हणजे न थकणारा हवा. न थकणे हीच पात्रता ठरल्यावर थकव्याला ग्रंथात जागा उरत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चार पायांची चर्चा नवव्या अध्यायात येते आणि एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची. अतिउंच, अतिठेंगणा वगैरे सहा प्रकार नुसते नोंदवून ग्रंथकार अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांवर थांबतो. स्थूलाचे आठ दोष तो मोजतो: आयुष्य घटते, हालचाल मंदावते, मैथुन कष्टाचे होते, अंगात बळ राहत नाही, अंगाला दुर्गंधी येते, घाम फार येतो, भूक आवरत नाही आणि तहान भागत नाही. या आठांपैकी एकच दोष मरणाशी निगडित आहे. उरलेले सात रोजच्या जगण्याचे आहेत. आज ज्याला आरोग्यनिगडित जीवनमान म्हणतात त्याचा हा बराच जुना तक्ता म्हणता येईल. मात्र नववा आणि एकविसावा अध्याय एकमेकांना कुठे भेटत नाहीत. स्थूल माणूस हा रोगी, परिचर हा रोग्यासाठी राबणारा हात. दोघे एकाच देहात असू शकतात ही शक्यता दोन्हीकडे नाही. पुढची अनेक शतके ती कोणाच्याच हिशेबात नव्हती.

मराठी घरात या कामाला नाव नव्हते, क्रियापद होते. ‘ती सासूचं करते’, ‘आजोबांचं करायला कोण आहे?’ एवढ्यात सारे येते: उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, भांडे देणे, भरवणे, कूस बदलणे, रात्रीची जाग. ‘काळजीवाहक’ हा शब्द अलीकडे कागदावर घडला आणि अजून तिथेच अधिक रमतो. करणारी व्यक्ती बहुधा सून असे. नसेल तर माहेरी परतलेली विधवा आत्या किंवा लग्न न झालेली मुलगी. तिचे जेवण सर्वांत शेवटी. दुष्काळी वर्षी याचा अर्थ अर्धपोटी राहणे असा होता. बरकतीच्या घरात टाकवत नाही म्हणून रोग्याच्या ताटातले आणि भांड्याच्या तळाचे पोटात ढकलणे असा. एकच रिवाज परिस्थिती पालटली की उलटे फळ देतो.

बाईचे स्वतःचे ‘करण्याचा’ एकच काळ रूढीने ठरवून दिला होता, तो बाळंतपणाचा. पहिलटकरीण माहेरी जायची. सव्वा महिना तेल, शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. नंतर दळण-कांडण, पाणी आणि शेत पुन्हा सुरू होणार होते. त्या श्रमांची आगाऊ बेगमी म्हणून या आहाराकडे पाहिले तर त्यातले शहाणपण दिसते. दळण गिरणीत गेले, पाणी नळाला आले, लाडू मात्र राहिले. ‘अंग धरलं’ हे कौतुक होते आणि ‘खात्यापित्या घरची’ हे सोयरिकीतले प्रशस्तिपत्र. ‘अंग सुटलं’ ही तक्रार त्यामानाने मागाहून रुळली, आणि तीही रूपाची तक्रार होती, प्रकृतीची क्वचित.

घराबाहेरची शुश्रूषा हा पगारी धंदा होण्यास एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडला. मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय १८८६ साली उघडले. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. त्यांत विधवा बऱ्याच असत. परजातीच्या रोग्याची घाण काढायची, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, ही कामे पांढरपेशा घरांना पटणारी नव्हती आणि रमाबाईंना घरोघर मने वळवावी लागली. या धंद्याने कामाला पाळी दिली, गणवेश दिला, सुटीचा दिवस दिला. घरी करणाऱ्या बाईला यातले काही मिळाले नाही, आणि पुढे शास्त्राने मोजमाप आरंभले तेव्हाही तिचा क्रम सर्वांत शेवटी लागला.

मोजण्याच्या तीन पट्ट्या निरनिराळ्या कारणांसाठी घडल्या: एक वजनाची, एक जीवनमानाची, एक ओझ्याची. तिघींपैकी पहिल्या दोन करणाऱ्यासाठी घडलेल्याच नव्हत्या.

वजनाची पट्टी आकडेशास्त्रातून आली. बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्यांचे निरीक्षण १८३५ च्या त्यांच्या ग्रंथात आहे. लठ्ठपणाशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. लठ्ठपणात रस घेतला तो विमा कंपन्यांनी, कारण मरणाचा हिशेब हाच त्यांचा व्यापार. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने १९४२-४३ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये उंचीनुसार योग्य वजनांचे तक्ते काढले आणि ते जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. १९७२ साली अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक लोकांची मापे तपासून केतले यांचेच सूत्र सर्वांत सोयीचे ठरवले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स, बीएमआय, हे नाव दिले. किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की झाले. तपासलेले सारे लोक पुरुष होते. घरोघर ‘करणाऱ्या’ बायकांना पुढे ज्या पट्टीवर उभे केले गेले, तिच्या नामकरणाच्या अभ्यासात बाई नव्हती, ही नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

त्याच १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळाने कहर केला होता. लाखो माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, खात होती आणि लेकरांना सुकडी वाटली जात होती. दख्खनच्या आठवणीत देहाची भीती म्हणजे कृशतेची भीती. १८७६ पासूनच्या मोठ्या दुष्काळांनी ती पक्की केली होती. एका पिढीच्या आत त्याच प्रदेशातल्या दवाखान्यांत वजन कमी करण्याचा सल्ला रोजचा झाला. खडी फोडणाऱ्या आईने पोटात वाढवलेल्या मुली आज पन्नाशीच्या आहेत, म्हणजे नेमक्या आईबापांचे आणि सासूसासऱ्यांचे करण्याच्या वयात.

कृशता आणि लठ्ठपणा यांच्या या सांध्याचा खुलासा बराचसा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. जन्मणारी मुले सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास भरत. इंग्लंडमधल्या नवजात मुलांपेक्षा ती बरीच लहान होती. स्नायू कमी, पण चरबी तुलनेने टिकलेली. शेतात राबणाऱ्या आणि लांबून पाणी आणणाऱ्या मातांची मुले आणखी लहान होती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा, काहीसा खोडकर लेख आला. त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची मापे शेजारी शेजारी मांडली होती. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय पुरेसा आहे का, हा सगळा वाद चरबीच्या दोन आकड्यांत आटोपला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये २५ ला जादा वजन आणि ३० ला लठ्ठपणा अशा रेषा आखल्या होत्या. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये त्या अनुक्रमे २३ आणि २५ वर खाली आणल्या आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र अजून २५ ची रेषा धरते. त्या सैल रेषेनेही १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमधले जादा वजनाचे प्रमाण २०१५-१६ मधल्या २०.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. याच फेरीत कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर प्रथमच मोजले, तर ५६.७ टक्के स्त्रिया धोक्याच्या रेषेपलीकडे निघाल्या. काटा ज्यांना बारीक म्हणतो त्यांतल्याही अनेकींना टेप सोडत नाही.

दुसरी पट्टी जीवनमानाची. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, असे म्हटले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की कर्करोग्यांवर नवी विषारी औषधे वापरून पाहत होते. गाठ लहान झाली एवढे सांगणे त्यांना अपुरे वाटले. रोगी काय करू शकतो हे मोजायला त्यांनी शून्य ते शंभरची श्रेणी बनवली. सत्तर म्हणजे स्वतःचे स्वतः करणारा, पन्नास म्हणजे बरीच मदत लागणारा. मदत कोण देतो, याला त्या श्रेणीत रकाना नाही. १९६३ साली क्लीव्हलँडच्या सिडनी कॅट्झ यांनी अंघोळ, कपडे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण अशी सहा कामे निवडून वृद्ध रुग्णांचे स्वावलंबन मोजले. ही यादी वाचताना मराठी कानाला ओळख पटते. सून सासूचे जे ‘करते’ ते हेच सहा.

पुढे प्रश्नावल्यांचा सुकाळ झाला. १९९० मध्ये युरोपात युरोक्वोल आली, १९९२ मध्ये अमेरिकेत छत्तीस प्रश्नांची एसएफ-३६. जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या पंधरा केंद्रांना एकत्र घेऊन आपली स्वतंत्र प्रश्नावली रचली. भारतातून दिल्ली आणि मद्रास ही केंद्रे त्यात होती. लठ्ठपणासाठी वेगळी प्रश्नावली १९९५ साली रॉनेट कोलोटकिन आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या आहार केंद्रात येणाऱ्या रुग्णांच्या बोलण्यातून बांधली. तिच्या २००१ च्या आटोपशीर रूपात ३१ प्रश्न आणि पाच विभाग आहेत: शारीरिक क्षमता, आत्मसन्मान, लैंगिक जीवन, चारचौघांतला अवघडलेपणा आणि नोकरीचे काम. चरकाच्या यादीशी ती ताडून पाहिली तर हालचाल आणि मैथुन या नोंदी दोन्हीकडे सापडतात. दुर्गंधी आणि घाम यांच्या जागी सार्वजनिक ठिकाणच्या आसनात न मावण्याची लाज आली आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाला उचलता येते का, हे मात्र दोन्हीकडे विचारलेले नाही.

तिसरी पट्टी करणाऱ्याकडे पाहणारी, आणि तिचा उगम मनोरुग्णांच्या घरांत आहे. १९५० च्या दशकाअखेरीस इंग्लंडमध्ये वेड्यांची इस्पितळे रिकामी करून रुग्णांवर घरीच उपचार करण्याचे धोरण आले. चिचेस्टर भागात ही सेवा सुरू झाली, तेव्हा जॅकलिन ग्रॅड आणि पीटर सेन्सबरी यांनी रुग्ण घरी राहिल्याने घरच्यांवर काय गुदरते ते पाहिले आणि १९६३ साली प्रसिद्ध केले. सरकारी खर्च वाचला की तो कोणाच्या तरी पाठीवर जातो, हे तिथे प्रथम नीट नोंदले गेले. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत शैला पै आणि रवी कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरच्या ओझ्याची मुलाखत-पद्धत तयार केली. पैसा, घरचा नित्यक्रम, विरंगुळा, आपसांतले संबंध यांच्या जोडीला त्यांनी घरातल्या इतरांची शारीरिक प्रकृती हा वेगळा विभाग ठेवला. सुश्रुताने ज्याला अश्रान्त राहायला सांगितले होते त्याच्या देहाला भारतीय शास्त्रात रीतसर रकाना मिळाला तो असा.

त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे करणाऱ्यांसाठी २९ प्रश्नांची सूची काढली होती. आज तिचे २२ प्रश्नांचे रूप सर्वत्र चालते. त्या पहिल्या अभ्यासातला निष्कर्ष सूचीपेक्षाही लक्षात राहण्यासारखा आहे. रुग्णाची स्मृती किती गेली यावर ओझे ठरत नव्हते. इतर नातेवाईक किती वेळा भेटायला येतात, त्यावर ते हलके-जड होत होते.

ओझे मनावरच राहत नाही, देहात उतरते, याचे पुरावे १९९० च्या दशकात साचले. ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांचे करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. ती भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले. तशाच वयाच्या इतर स्त्रियांची ३९.३ दिवसांत भरली. सिएटलमध्ये पीटर व्हिटालियानो यांच्या गटाने १९९६ साली अल्झायमरच्या रुग्णांच्या जोडीदारांचे वजन काही काळाच्या अंतराने पाहिले. शुश्रूषेचा भार नसलेल्या समवयस्कांपेक्षा ते अधिक वाढले होते. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी दाखवले की जोडीदाराचे करताना ज्या वृद्धांना ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. हा आकडा खूप गाजला. त्यानंतर मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या काही अभ्यासांत करणाऱ्यांची आयुष्ये उलट किंचित अधिक निघाली, कारण धडधाकट माणूसच बहुधा हे काम अंगावर घेतो. ताण नसलेल्यांना शुल्झ-बीच अभ्यासातही धोका नव्हताच. तेव्हा ‘करणे’ माणसाला मारते असे सरसकट म्हणणे चूक आहे. पर्याय नसताना, एकट्याने आणि वर्षानुवर्षे करणे ही वेगळी गोष्ट.

वजन आणि शुश्रूषा एकाच देहात आली की दोन्ही बाजूंनी कात्री लागते. प्रश्नावल्यांच्या अभ्यासांत लठ्ठपणाचा फटका मुख्यतः शारीरिक गुणांना बसतो. मानसिक गुण फार जास्त वजन होईपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. शुश्रूषेचा फटका आधी मनाला आणि झोपेला बसतो. म्हणजे जी एक बाजू दुसरीला सावरू शकली असती तीही जाते. यामागे घरातल्या साध्या गोष्टी आहेत. घरची कॉट इस्पितळातल्या पलंगासारखी वर-खाली होत नाही, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला कंबरेत वाकावे लागते. न्हाणीघर अरुंद, फरशी ओली, संडास भारतीय बैठकीचा; गुडघे दुखणाऱ्या स्थूल बाईला स्वतः बसताना भिंत धरावी लागते आणि तिनेच दुसऱ्याला धरून उठवायचे असते. रात्री तीनदा उठणाऱ्याची झोप मोडते, मोडलेल्या झोपेने भूक चाळवते, आणि भूक भागते ती डब्यातल्या फरसाणावर किंवा चौथ्या कप चहावर. रुग्णाची औषधे आणायला वेळ निघतो, स्वतःची साखर तपासायला निघत नाही. डॉक्टर रोज पाऊण तास चालायला सांगतात. दार ओढून पाऊण तास बाहेर पडता येत नाही म्हणून तर ती इथवर आलेली असते. वजन शुश्रूषेने वाढले की आधीच होते, याचा निवाडा बहुतेक अभ्यास एकदाच केलेल्या मोजणीवरून करू शकत नाहीत.

गोव्यातल्या कामाने या चित्रात एक कडवट तपशील भरला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत म्हातारपणीचा विसराळूपणा लोकांना ओळखीचा होता, पण त्याचे कारण मुलांची हेळसांड, मायेचा अभाव, असे सांगितले जाई. राबणारी सूनच आरोपी. त्यानंतर डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत सहा महिने स्थानिक, थोडे प्रशिक्षण दिलेले सल्लागार घरी पाठवून पाहिले. त्यांनी आजार समजावून सांगितला, ऐकून घेतले, सरकारी योजनांची वाट दाखवली. २००८ च्या निष्कर्षांत करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले होते. झारिट सूचीवरचे ओझे मात्र पुरेसे उतरले नव्हते. समजूत काढल्याने मन हलके होते, उचलायचे वजन तेवढेच राहते.

सरकारी आकड्यांत हे काम आणखी उशिरा आले. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. २०१९ च्या पहिल्या देशव्यापी पाहणीत सहा वर्षांवरील २७.६ टक्के स्त्रिया घरच्यांची बिनपगारी शुश्रूषा किंवा संगोपन करताना आढळल्या, त्यावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटे खर्च करून. पुरुष १४ टक्के आणि ७६ मिनिटे. रात्री कान उघडा ठेवून झोपणे या मिनिटांत नीट धरता येत नाही. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ याने पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणाऱ्या आईवडील व कुटुंबीयांना काळजीवाहकाच्या व्याख्येत घेतले आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याची तरतूद केली. म्हातारपणामुळे परावलंबी झालेल्यांचे करणाऱ्यांना मात्र या कायद्याचा उपयोग मर्यादित आहे.

दरम्यान लठ्ठपणाची व्याख्याच बदलू लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ च्या तज्ज्ञ मंडळाने नुसत्या बीएमआयवर रोगनिदान करू नये असे सुचवून लठ्ठपणाचे दोन टप्पे पाडले. जादा चरबीमुळे अवयवांचे काम बिघडले, किंवा रोजच्या हालचालींवर लक्षणीय मर्यादा आली, तरच तो आजार. या हालचालींची उदाहरणे म्हणून मंडळाने अंघोळ, कपडे, शौच, मलमूत्रावर ताबा आणि जेवण ही कॅट्झ यांच्या वळणाची यादी दिली आहे. प्रत्येक नोंद माणसाच्या स्वतःच्या देहापुरती आहे. दुसऱ्याला न्हाऊ घालता येणे, दुसऱ्याला उठवून बसवता येणे ही कामे त्या यादीत नाहीत.